चहाचा ट्रे घेऊन येणारे 318 शॉट: जुन्या मालिकेतून फिल्म करताना

नोव्हेंबर 2023 ते सप्टेंबर 2025. जवळजवळ दोन वर्षं लागली आणि हातात आली 13 मिनिटं 40 सेकंदांची फिल्म. जुन्या टीव्ही मालिकेच्या चित्रणातून नवं काही करायचं असं मनात असलेल्या तिघाचौघांनी गेल्या महिन्यात तेच ते प्रश्न विचारले, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. करारात गोपनीयतेचं कलम आहे, त्यामुळे मालिकेचं नाव देता येत नाही. नव्वदच्या दशकातली, दूरदर्शनवरची, आठवड्याला एक भाग अशी मराठी कौटुंबिक मालिका. एकूण 52 भाग, प्रत्येकी साधारण 23 मिनिटांचे. तेव्हा मंजुरी तेरा-तेरा भागांची मिळायची, म्हणून असल्या मालिकांचे आकडे 13, 26, 52 असेच दिसतात.

फिल्मची कल्पना एका ओळीची आहे. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात चहाचा ट्रे घेऊन कुणी येतं, तेवढेच शॉट ठेवायचे. भांडणं, रडणं, वाटण्या, लग्नं सगळं बाहेर.

माळा

निर्माते हयात नाहीत. कॅसेट त्यांच्या घरच्या माळ्यावर होत्या, पत्र्याच्या दोन ट्रंकांत. 47 डबे निघाले. पहिले 13 भाग यू-मॅटिकवर, पुढचे बीटाकॅम एसपीवर (दोन्ही त्या काळच्या व्यावसायिक व्हिडिओ कॅसेटचे प्रकार). डब्यावरच्या लेबलावर विश्वास ठेवू नका. आमच्या तीन डब्यांत लेबल मालिकेचं होतं, पण आत भलतंच चित्रण निघालं. त्या काळी कॅसेट महाग, त्यामुळे एकावर दुसरं रेकॉर्ड करणं सर्रास चालायचं.

पहिल्याच दिवशी करायचं काम म्हणजे घरच्यांकडून एक साधं पत्र घ्यायचं: 'या कॅसेट डिजिटाइझ करून पाहण्यासाठी देत आहोत, वापराचे हक्क देत नाही.' खाली कॅसेटची संख्या, तारीख आणि दोन्हीकडच्या सह्या. हक्कांची चर्चा महिनोन् महिने चालते आणि तोवर टेप थांबत नाही, ती खराबच होत असते. म्हणून ही दोन कामं पहिल्यापासून वेगळी ठेवायची. ज्याच्या घरी कॅसेट आहे त्याच्याकडे हक्क असतीलच असं नाही, हेही या पत्रामुळे दोन्ही बाजूंच्या डोक्यात स्पष्ट राहतं.

नऊ कॅसेटना बुरशी होती. खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेला कापसाच्या धाग्यासारखं पांढरं दिसलं की ती बुरशी समजायची. अशी कॅसेट मशीनमध्ये 'बघू तरी चालते का' म्हणून घालायची नाही. बुरशीचे बीजाणू मशीनच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसतात आणि पुढची चांगली कॅसेटही जाते. आम्ही त्या नऊ वेगळ्या केल्या, झाकणबंद डब्यांत सिलिका जेलसोबत तीन आठवडे ठेवल्या, डब्यात छोटा आर्द्रतामापक. जेल ओलं झालं की बदलायचं. हाताळताना हातमोजे आणि एन95 मास्क हवाच. बाकीच्या कॅसेटही एसीच्या थंड खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत काढू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दिवसभर तशाच राहू द्या. नाहीतर टेपवर दव धरतं.

रंग गेला, रंग आला

डिसेंबरमध्ये एका स्टुडिओत एक यू-मॅटिक चाचणीसाठी दिली. परत आलेली फाइल कृष्णधवल. मालिका तर रंगीत होती, पाहिलेल्या सगळ्यांना आठवत होती. 'टेप जुनी झाली, रंग उडाला' असं सांगण्यात आलं. दोन दिवस आम्ही खरंच तेच धरून चाललो, आणि पहिले तेरा भाग कृष्णधवलच वापरायचे असा घाट सुद्धा घातला.

टेपवरचा रंग कापडासारखा विटून पूर्ण उडत नाही. यू-मॅटिकचे पॅल पद्धतीत (आपल्याकडची टीव्ही पद्धत) लो-बँड आणि हाय-बँड असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींत रंगाचा संकेत वेगळ्या कंप्रतेवर नोंदवला जातो. हाय-बँडची टेप लो-बँड डेकवर (कॅसेट चालवण्याच्या मशीनवर) लावली की चित्र येतं, रंग येत नाही. दुसऱ्या ठिकाणी हाय-बँड डेक मिळाला आणि पहिल्याच मिनिटाला हिरव्या काठाची पिवळी साडी समोर आली. तेव्हा स्टुडिओला फोन करताना 'यू-मॅटिक करता का' एवढंच विचारून थांबू नका. 'हाय-बँड पॅल डेक चालू आहे का, टीबीसी लावून देता का' असं विचारा. टीबीसी म्हणजे टाइम बेस करेक्टर. टेप ताणली-सैलावली की ओळी डावी-उजवीकडे थरथरतात, त्या तो सरळ करून देतो. पुढे सॉफ्टवेअरमध्ये हे नीट दुरुस्त होत नाही.

फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये 44 कॅसेट दिल्या: 12 यू-मॅटिक प्रत्येकी 1,600 रुपये, 32 बीटा प्रत्येकी 1,100. वर 18 टक्के जीएसटी. झाले 64,192. बुरशीच्या नऊ कॅसेटच्या सफाईचे प्रत्येकी 600, करासकट 6,372. त्यातल्या तीन काही केल्या चालल्याच नाहीत. 52 पैकी 41 भाग मिळाले.

फाइल कोणत्या स्वरूपात घ्यायची हे आधी लिहून द्या. काही न बोलता दिलंत तर एमपी4 हातात येतं, आणि त्यात दोन गोष्टी कायमच्या जातात: दाबल्यामुळे गेलेला तपशील आणि गुपचूप काढून टाकलेलं इंटरलेसिंग (एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक ठेवण्याची पद्धत). आम्ही मागितलं ते असं: 720 बाय 576, 10 बिट, 4:2:2, इंटरलेस्ड जसंच्या तसं, ध्वनीचे दोन्ही ट्रॅक वेगळे. कॉम्प्रेशनशिवाय तासाला साधारण 100 जीबी होतात. एफएफव्ही1 नावाचं कॉम्प्रेशन वापरलं तर गुणवत्तेत काहीही न गमावता निम्म्याहून कमी. आमच्या पावणेसोळा तासांचे सगळे मिळून 700 जीबीच्या आत बसले. 2 टीबीच्या तीन ड्राइव्ह घेतल्या, 19,500 रुपये. एक कामाची, एक कपाटात, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा एमडी5 चेकसम (फाइलवरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) यादीत लिहून ठेवा. कॉपी करताना फाइल बिघडली तर ते लगेच कळतं, नाहीतर कळतं ते थेट प्रोजेक्शनच्या वेळी.

ध्वनीचे ट्रॅक वेगळे का, तर मास्टर टेपवर बऱ्याचदा एका ट्रॅकवर पूर्ण मिक्स आणि दुसऱ्यावर संवाद सोडून फक्त संगीत आणि इफेक्ट असतात. आमच्या बीटांवर तसं होतं. स्टुडिओने दोन्ही एकत्र करून दिले असते तर तो ट्रॅक गेलाच होता.

लॉगिंग

एप्रिल ते जून. कंटाळवाणं काम, पण फिल्म खरी इथे होते. एक साधी एक्सेल शीट: कॅसेट क्रमांक, भाग, सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, कोण, ट्रे कोणत्या हातात, किती कप, दार कोणत्या बाजूला, मागे संगीत आहे का. एका तासाच्या चित्रणाला तीन तास धरा. शेवटी 318 शॉट निघाले, त्यातले 96 फिल्ममध्ये आहेत. 'मागे संगीत आहे का' हा रकाना आम्ही पहिल्या दहा भागांत ठेवलाच नव्हता, मग ते दहा भाग पुन्हा पाहावे लागले. शीर्षकगीत, कवी, संगीतकार, गायक, कॅसेट कंपनी यांचे हक्क चित्रापेक्षा वेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा.

हक्क

इथे सगळ्यात जास्त हताश व्हायला होतं, म्हणून सावकाश लिहितो.

आधी एक गैरसमज. 'तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं' असं आपल्याकडे जो तो सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असा कोणताही आकडा नाही. कलम 52 मध्ये समीक्षा, खाजगी अभ्यास वगैरेंसाठी न्याय्य वापराची सवलत आहे, आणि आपली कलाकृती समीक्षा आहे असा युक्तिवाद करताही येईल. पण महोत्सवाच्या किंवा गॅलरीच्या फॉर्मवर 'सर्व हक्क माझ्याकडे आहेत' याखाली सही करायची असते. ती सही युक्तिवादाच्या भरवशावर करणं आम्हाला जमलं नाही. 'पस्तीस वर्षांपूर्वीची मालिका, आता कोण विचारतंय' हेही सोडून द्या. प्रक्षेपणाचा हक्क 25 वर्षांचा असतो, पण चित्रपटाचा कॉपीराइट (व्हिडिओवरची मालिकाही त्यातच येते) प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो.

मालकी कुणाची हे ठरवताना पहिला प्रश्न: मालिका प्रायोजित होती की दूरदर्शनने स्वतः पैसे देऊन करवून घेतलेली? साधारणपणे दुसऱ्या प्रकारात हक्क दूरदर्शनकडे असतात आणि तुम्हाला प्रसार भारतीच्या अर्काइव्हकडे अर्ज करावा लागतो. आमची प्रायोजित होती, हक्क निर्मात्याच्या भागीदारी संस्थेचे. जुनं मंजुरीपत्र आणि भागीदारीचा करार घरच्यांच्या सीएकडच्या फायलींत सापडले. आधी सीएलाच विचारा, कपाटं उपसण्याआधी.

संस्था विसर्जित झालेली. विसर्जनपत्रात 'कार्यक्रमांचे सर्व हक्क' एका भागीदाराकडे गेल्याचं वाक्य होतं म्हणून वाचलो. त्या भागीदाराचे वारस तीन, त्यातल्या एक ताई न्यू जर्सीत. तिघांच्याही सह्या लागतात. एकाने 'सगळ्यांच्या वतीने' केलेली सही मुखत्यारपत्राशिवाय कामाची नाही. तिकडून मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन आलं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा.

त्यात आमची एक फजिती. जूनमध्ये उत्साहाने 100 रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन ठेवला होता. मुखत्यारपत्र यायला ऑक्टोबर उजाडला आणि त्याच महिन्यात राज्यात किमान मुद्रांक 100 वरून 500 झाला. तसाही सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्प बाद होतो. मसुदा पक्का होऊन सह्यांची तारीख ठरल्याशिवाय स्टॅम्प घेऊ नका.

वकिलांचे 18,000 गेले, आणि ते वसूल झाले असं आमचं मत आहे, मुख्यतः दोन वाक्यांमुळे. परवान्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत (कलम 19, आणि कलम 30-ए मुळे ते परवान्यांनाही लागू). म्हणून 'जगभर' आणि वर्षं स्पष्ट लिहून घ्या. माध्यमंही एकेक करून लिहा: महोत्सव, गॅलरीतलं प्रदर्शन, संग्रहालयाने विकत घेतलेली प्रत, इंटरनेटवर दोन मिनिटांपर्यंतचा तुकडा. दुसरं वाक्य असं की परवाना कॅसेटवर नव्हे, भाग क्रमांकांवर द्यायचा, चित्रण कुठल्याही प्रतीवरून मिळालेलं असो. उद्या हरवलेल्या अकरा भागांपैकी एखादा कुणाच्या घरच्या व्हीएचएसवर सापडला तर नव्याने करार करावा लागत नाही. फक्त घरगुती रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती काढायच्या, त्यांचे हक्क वेगळेच.

दर ठरला तयार फिल्मच्या मिनिटाला 3,000, किमान 15 मिनिटांचे पैसे. 45,000. सह्या जानेवारी 2025 मध्ये झाल्या. तोवर आम्ही न राहवून 22 मिनिटांचा एक कट शीर्षकगीतासह करून ठेवला होता. तो फेकून द्यावा लागला.

कलाकारांची परवानगी कायद्याने लागतेच का, यावर दोन वकिलांची दोन मतं मिळाली. 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्त्यालाही आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखता येते (कलम 38-बी). लांबी बसवण्यासाठीची काटछाट त्यात धरत नाहीत, पण आम्ही करत होतो ते नुसती काटछाट नव्हतंच. वाद घालण्यापेक्षा पत्र बरं. ओळखू येणाऱ्या सगळ्या कलाकारांना मराठीत एक पानाचं पत्र आणि कटची लिंक पाठवली. धाकट्या सुनेचं काम केलेल्या ताईंचे सर्वाधिक शॉट होते. त्यांचा फोन आला. "डायलॉग बाकीच्यांना असायचे, ट्रे मला," असं म्हणून हसल्या. पदर सरकलेला एक शॉट काढा म्हणाल्या, तो काढला. जाता जाता म्हणाल्या, "पण कपात चहा नसायचा हो कधी. सांडला तर साडी दुसरी नव्हती." हे वाक्य पुढे कामाला आलं.

कट

इंटरलेस्ड पॅलमध्ये सेकंदाला 25 फ्रेम दिसत असल्या तरी प्रत्येकीत वेगवेगळ्या क्षणांची दोन फील्ड असतात, म्हणजे प्रत्यक्षात 50 क्षण. प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून 50 च्या गतीने काढा आणि 25 वर चालवा. निम्म्या वेगाचं स्लो मोशन मिळतं, खरंखुरं, मधल्या फ्रेम न बनवता. स्टुडिओने इंटरलेसिंग काढून दिलं असतं तर हे शक्यच नव्हतं. फील्डचा क्रम उलटा धरला गेला तर हात पुढे-मागे झटके देतो. साध्या (एसडी) पॅलमध्ये साधारण वरचं फील्ड आधी, डीव्ही या डिजिटल टेपच्या प्रकारात खालचं. शंका आली तर चालणाऱ्या माणसाच्या शॉटवर तपासा. स्थिर फ्रेम हवी असेल तर एकाच फील्डवरून घ्या.

निम्म्या वेगात ट्रे पाहिला की ताईंचं म्हणणं डोळ्यांना दिसतं. कप बशीत उडतात, किंचित फिरतात. भरलेला कप असा फिरत नाही.

फ्रेमच्या कडा तपासा. सगळ्यात वरच्या ओळीत पॅलची अर्धी ओळ असते, डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या. टीव्हीवर त्या झाकल्या जायच्या, प्रोजेक्टरवर उघड्या पडतात. 4:3 चित्र 1440 बाय 1080 मध्ये बसवलं, दोन्ही बाजूंना काळं. ताणून रुंद करण्याचा मोह आवरा. एआयने चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कपावरच्या नक्षीची फुलं शॉटगणिक बदलू लागली आणि ताईंच्या ट्रे धरलेल्या हाताला जास्तीचं बोट फुटलं. ते सगळं काढून साधं मोठं केलं.

आवाज

संगीत-इफेक्टच्या ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी सतार किंवा कीबोर्ड वाजतोच, त्यामुळे स्वच्छ असे 96 पैकी 29 शॉट निघाले. बाकीच्यांसाठी कपबशांचा आवाज नव्याने रेकॉर्ड केला आणि श्रेयनामावलीत तसं लिहिलं. पहिल्या दिवशी कपांत पाणी भरून ट्रे हलवला होता. चित्राखाली लावल्यावर आवाज कायम थोडा खोटा वाटायचा, कशामुळे ते कळेना. मग ताईंचा फोन आठवला. रिकामे कप, मेलामाइनचा ट्रे, खाली टॉवेल नाही. लगेच बसला. मिक्सिंगचे दोन दिवस, 18,000.

बाहेर काढणं

डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, घरीच डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरवर केली, ते फुकट आहे. साधारण 12 जीबी. एकच लक्षात ठेवा: 25 फ्रेम ठेवायच्या असतील तर एसएमपीटीई प्रकार निवडा, इंटरऑप 25 साठी नाही. 24 वर आणलं तर सगळं चार टक्के संथ होतं आणि आवाज उतरतो. महोत्सवाला आधी मेल करून '25 चालेल का' विचारा, आणि दहा मिनिटांची का होईना चाचणी मागा. आमच्या एका चाचणीत 4:3 चित्राचं डोकं कापलं जात होतं, प्रोजेक्टर चुकीच्या लेन्स-सेटिंगवर होता. सेन्सॉर प्रमाणपत्राचं विचाराल तर भारतातल्या महोत्सवांसाठी सूट आयोजक मागतात. तुमच्याकडून ते फक्त सारांश आणि कागद घेतात, पण मागतात ऐनवेळी, म्हणून तयार ठेवा.

पहिला खेळ सप्टेंबर 2025 मध्ये झाला. मुद्रांक, कुरिअर, मुखत्यारपत्र धरून एकूण खर्च 1,80,000 च्या आसपास गेला.

कॅसेट वारसांना परत केल्या, पत्र्याच्या ट्रंकांऐवजी प्लास्टिकच्या झाकणबंद खोक्यांत, उभ्या ठेवून, सोबत सगळ्या फाइलींची एक ड्राइव्ह आणि शीटची छापील प्रत. न चाललेल्या तीन कॅसेट वेगळ्या पिशवीत आहेत. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'बुरशी. मशीनमध्ये घालू नये. टाकूनही देऊ नये.'